नकाशातलं पांढरं

नाही, वही मिळणार नाही. ते पत्र ठेवा आत, पत्रं मी पुष्कळ पाहिलीत — वर आदरणीय, खाली शिक्का, आणि मधल्या चार ओळींत आमच्याकडूनच काहीतरी न्यायचं. बसा म्हटलं ते उन्हातून चढून आलात म्हणून. चहा विचारलेला नाही, लक्षात आलं असेल. नोंदींची ती वही ह्यांची आहे. हे जाऊन दोन वर्षं होतील, पण वही ह्यांचीच. डोंगराचे निरीक्षक म्हणून सगळी नोकरी ह्या दोन खोल्यांत काढली — पाऊस मोजायचा, पाखरं मोजायची, आणि ती ठसकी. बेडूकच, हो, अंगठ्याच्या पेराएवढा. तुमच्या कागदावर त्याचं हातभर लांब नाव असेल. आवाज कसा, तर चारचौघांत कुणी खोकला दाबावा तसा, म्हणून ह्यांनी नाव ठेवलं ठसकी.

पसरा तो नकाशा. पसरल्याशिवाय तुम्ही काही उठणार नाही. तांबडं म्हणजे ठसकी असणार, पिवळं म्हणजे असली तर असेल, पांढरं म्हणजे नाही — कळतं मला, बोट ठेवून शिकवू नका. कॉम्प्युटरला आमच्या सतरा नोंदी दिल्या, त्या जागेची उंची दिली, उतार दिला, ऊन किती, पाऊस किती, वस्ती किती लांब, आणि त्यानं डोंगरभर तश्शाच जागा हुडकल्या. वा. मग गेलात तिथं? अकरा ठिकाणी? आणि मिळालं काय? थांबा, मीच सांगते — एका ठिकाणी गोठा, एका ठिकाणी बंद पडलेली शाळा, आणि बाकी सगळीकडे कुणाचं ना कुणाचं परसदार. बरोबर ना? मी तर तिकडं पाऊलही टाकलेलं नाही. आता माझ्याकडे असं बघू नका, मला काही अंगात येत नाही. ते बघा. ओट्याच्या वर, त्या प्लगला लोंबकळतंय ते. जीपीएस. ऑफिसनं दिलं आणि एकही नोंद व्हायच्या आत त्याच्या बॅटरीनं मान टाकली. नवीन बॅटरीसाठी ह्यांनी तीन पत्रं लिहिली, तुमच्यासारखीच, आदरणीय वगैरे. उत्तर नाही. वायर लावली की चालतं, काढली की ठप्प. मग काय करायचं? ठसकी बघून यायचं, पाय धुवायचे, यंत्र प्लगला लावायचं आणि ते दाखवील तो आकडा फॉर्मवर उतरवायचा. रकाना रिकामा राहिला की फॉर्म परत येतो ना तुमच्याकडून. सतराच्या सतरा नोंदी ह्या ओट्याच्या आहेत, बाई. तुमचा एवढा हुशार कॉम्प्युटर डोंगरभर माझं स्वयंपाकघर शोधत फिरला.

हसा की. मी तर कितीतरी वर्षं मनातल्या मनात हसतेय.

फसवणूक? हा शब्द ह्या घरात नको. ह्यांनी उभ्या जन्मात कुणाला फसवलं नाही. आणि शेवटची सहा वर्षं तर — गुडघे गेले होते हो त्यांचे, ह्या खुर्चीतून त्या खाटेपर्यंत जायचं म्हटलं तरी माझा खांदा लागायचा — फॉर्म मी भरायचे, ते सही करायचे. डोंगरात कोण जायचं म्हणजे? मीच जायचे. हो, आता लिहून घ्या तेही, निरीक्षकाची बायको विनापगारी निरीक्षक. मी म्हणालेसुद्धा होते त्यांना, की निदान शेऱ्यात लिहू या, जागा ही नाही, जागा दुसरी आहे. तर म्हणाले, "राहू दे. ओट्याशी शोधू देत त्यांना. ओट्याचं काही बिघडत नाही."

का म्हणाले, ते माहीत आहे तुम्हाला? तुमच्यातलाच एक गृहस्थ आला होता. खूप आधी, हे यंत्रबिंत्र यायच्या आधी. गोड बोलणारा. चार दिवस इथं राहिला, माझ्या हातचं जेवला, भांडं स्वतः विसळून ठेवायचा. ह्यांनी त्याला भावासारखं बरोबर नेऊन जागा दाखवली. पाचव्या दिवशी एकटाच गेला आणि संध्याकाळी ह्या टेबलावर — तुमचा नकाशा आहे ना, इथंच — बाटल्या मांडल्या. सव्वीस. एकेकीत एक ठसकी, स्पिरिटमध्ये. चिठ्ठ्या सरळ लागल्या पाहिजेत म्हणून माझ्याकडून फडकं मागून घेतलं, आणि मी दिलं. मला काय माहीत? मी दिलं हो फडकं, चांगलं धुतलेलं. त्यानं नंतर कुठंतरी छापलं आणि ह्यांचे आभार मानले, नाव चुकवून. पुढच्या पावसाळ्यात तिथं एक आवाज नव्हता. हे रोज जाऊन बसायचे, छत्री घेऊन. पाच वर्षांनी मला दुसरीकडे सापडल्या, तेव्हा हे रडले. तेव्हापासून कानाला खडा. म्हणून सांगते, तुम्ही लिहा तुमच्या अहवालात, ठसकी संपली. तुमचं काम झालं, आमची कटकट गेली. परवा नऊ आवाज मोजले मी, नऊ, आणि तेही भर —

मोजले होते. पूर्वी. जीभ आहे, घसरते.

बुटांकडे काय बघताय? माझेच आहेत. ओले असतील. धुतले असतील मी. महिनाभर पाऊस नाही ते मलाही ठाऊक आहे, तुम्ही नका सांगू. शोधा ना, तुमच्या नकाशात बघा, ओल कुठं दाखवलीय का. सगळं पांढरं आहे तिथं. पांढरं म्हणजे नाही. पांढरं म्हणजे कुणी फिरकणार नाही.

ही काळी रेघ कसली, त्या पांढऱ्यातून गेलेली?

नाही, तो रस्ता खालून जाणार होता, नदीच्या बाजूनं, मोजणीवाले माझ्यासमोर दोऱ्या लावून गेलेत. मग वर कुणी घेतला? का? — मोकळं आहे म्हणजे काय? — असं कुणी ठरवलं, की तिथं काही राहत नाही? — हा? हा नकाशा? हा दिला तुम्ही रस्तेवाल्यांना?

म्हणजे पांढरं आहे, म्हणून.

म्हणजे त्या प्लगमुळे.

थांबा. ती रेघ नीट बघू द्या मला.

रस्त्याच्या सह्या कधी आहेत? सोमवारी. आज शुक्रवार. आणि नुसतं मी सांगितलं तर चालणार नाही, असंच ना? निरीक्षकाच्या बायकोचं कोण ऐकतंय. त्या जागेवर उभं राहून नोंद पाहिजे. तुमच्या फोनवर होते? आणि आवाज भरून घेतला तर? धरायला लागत नाही ना? एकीलाही? मला तुमची दया नको आहे, नीट उत्तर द्या — हात लावायला लागतो की नाही?

बरं.

उठा. दोन तास चालायचंय, त्या चपला चालणार नाहीत, ह्यांचे बूट आहेत दाराशी, मोठे होतील, दोऱ्या आवळून बांधा. आणि ती पिशवी रिकामी करा. इथं, टेबलावर. सगळी. तो बाजूचा कप्पाही. तुमची वही घ्या, पेन घ्या, फोन घ्या. ही बाटली कसली? पाण्याची, ते दिसतंय मला. ती इथंच राहील. तहान लागली तर परत येऊन प्या.