माझ्या नावाच्या बारा पुड्या

...आणि वर मलाच विचारतात, 'अहो ह्येवोनच्या आई, तुम्ही असं केलंतच कसं?' केलं! झालं हातून! आता काय गळ्यात पाटी अडकवून बाजारात उभी राहू? लाज वाटते हो. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही इकडं कोरियात, मोक्पो बंदराच्या बाजारात खरेदीला येत नाही.

झालं असं, माझं तोंडीलावण्यांचं दुकान. खेकडे सोया सॉसमध्ये मुरवताना नांगी घुसली बोटात, आणि बोट असं टम्म फुगलं, पू काय, ठणका काय... डॉक्टरांनी अँटिबायोटिक लिहून दिलं, सात दिवस, दिवसातनं तीनदा. औषधवाल्यानं एकवीस पुड्यांची लांबलचक पट्टी हातात दिली, प्रत्येक पुडीवर माझं नाव छापलेलं, आणि बजावलं, 'काकू, बरं वाटलं तरी मधेच सोडायचं नाही हं! आणि दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही.' मी म्हटलं, 'हो हो, मी काय कुक्कुलं बाळ आहे?' तीन दिवसांत सूज उतरली, पुड्या उरल्या बारा! चांगलं औषध उगाच पोटात कशाला घालवायचं, पुढंमागं कुणाला लागेल, म्हणून ठेवल्या फ्रीजमध्ये, किमचीच्या शेजारी. शहाणी ना मी! लाज वाटते हो.

समोर सुकी मासळी विकते ती कुम-रे आजी. वय एक्याऐंशी, आवाज असा की बंदरातनं सुटलेली बोट मागं फिरावी. ती दोन दिवस खोकत होती. तिचा डबा माझ्याकडं होता, मुळ्याची किमची दिलेली तिनं, आणि डबा रिकामा परत करायचा म्हणजे... छे! आमच्यात कुणी करेल का? पण त्या दिवशी दुकानातलं झाडून सगळं विकलं गेलेलं. मग मी काय केलं? हसू नका... त्या बारा पुड्या घातल्या डब्यात! 'आजी, एकदम जालीम आहे, खडखडीत बऱ्या व्हाल!' आजी खूश, 'अगं, तू माझी सून का नाही झालीस!'

तिनं तिथंच एक पुडी फाडून घेतली, आणि अर्ध्या तासात तिचा चेहरा सुजला, डोळे मिटले, अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. अँब्युलन्समागोमाग निम्मा बाजार दवाखान्यात. डॉक्टर ओरडतायत, 'यांच्या पोटात काय गेलंय? कुणी सांगेल का?' आजीला तर बोलताच येईना. नर्सनं तिच्या एप्रनच्या खिशातनं फाडलेली पुडी काढली आणि मोठ्यानं वाचलं, 'प्यो म्योंग-जा कोण?'

आता बावीस वर्षं मी या बाजारात ह्येवोनची आई. माझं नाव कुणाच्या बापाला माहीत नाही! सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. कोळंबीवाला म्हणतो, 'कोण ही भवानी? आधी पोलिसात द्या तिला!' आणि मी... काय सांगू... मीसुद्धा मान वळवून मागं बघितलं! जशी काही ती बाई दारातनं आत येणारच आहे! तिकडं आजीचा जीव चाललाय, आणि मी माझ्याच नावाची बाई शोधतेय. लाज वाटते हो, अजून झोपेत दचकते मी.

मग आजीच्या घशातनं असा काही आवाज आला की माझा हात आपोआप वर गेला, शाळेतल्या पोरीसारखा. 'मी... मीच ती. अँटिबायोटिक आहे, माझ्या बोटाचं.'

इंजेक्शनं झाली, आजीचा श्वास मोकळा झाला, मी भिंतीला टेकून ढसाढसा रडले. डॉक्टर काय सोडतात? 'या औषधाचं यांना वावडं आहे! आणि झालेली साधी सर्दी, सर्दीवर हे लागूच पडत नाही! दाखवा ते बोट.' दाबलं, तर आत पुन्हा पू. 'मधेच सोडलंत ना?' झालं, परत सात दिवसांचं औषध.

आणि ते द्यायला कोण येतं? आजी! तीन वेळा, जेवण झालं की भर गिऱ्हाइकांत उभी राहते, 'प्यो म्योंग-जा! आ कर! जीभ वर कर बघू!' आता अख्ख्या बाजाराला माझं नाव पाठ झालंय. मी मुकाट्यानं गिळते. आज तिसरा दिवस. आणि तुम्हाला म्हणून सांगते, जरा जवळ या... बोट अगदी बरं वाटतंय हो! पण आजीला सांगायची कुणाची छाती आहे?