ज्वारीला लावलेला पारा

निकिता : रंगुमावशी, आधी खाली बसा. नगरच्या डॉक्टरांचा फोन आला होता. नंदिनीच्या लघवीत पारा निघालाय.

रंगुबाई : माझ्या नातीच्या अंगात पारा? आगं, तिचे आई-बाप ऊसतोडीला गेल्यापासनं मी तिला डोळ्याआड केली न्हाई.

निकिता : म्हणून तर विचारते. मी गावची आशाताई, मला कळायला नको? घरात कुठं पारा आहे का?

रंगुबाई : ज्वारीला लावलेला, तेवढाच. माझा अंगद नि सून आरती पाडव्याला ऊसतोडीवरनं येत्यात, तवर दाना किडू नये. राखेत पारा घालायचा, तळहातानं मळायचा, दिसंनासा झाला की ज्वारीला चोळायचा. सासूनं शिकवलं. ती सोनाराकडनं आनायची. अंगदला एक कंपाउंडर देतो, बीपीच्या मोडक्या मशीनमधला.

निकिता : आणि त्या ज्वारीची कणगी कुठंय?

रंगुबाई : आतल्या खोलीत. आमी दोगी तितंच झोपतो, थंडीचं दार लावून.

निकिता : मावशी, त्याची वाफ होते. दिसत नाही, वास येत नाही. पोरीचे हात त्यानंच कापतायत. तुमचे दाखवा बरं.

(रंगुबाई हात पदराखाली घेते.)

रंगुबाई : माझे वयानं कापत्यात.

निकिता : आजपासून त्या खोलीत जायचं नाही. ती ज्वारी खायची नाही, गुरांनाही घालायची नाही.

रंगुबाई : मग वढ्यात टाकू?

निकिता : मुळीच नको. पारा कुजत नाही, संपत नाही. पाण्यातून माशात, माशातून माणसात येतो.

रंगुबाई : मंजी सासूनं सांडलेला बी हितंच आसंल?

निकिता : असेल, जमिनीत. नंदिनीनं हात लावला होता का?

रंगुबाई : आई तोडीला गेल्यावर जेवत नव्हती गं. नुसती दाराकडं बघायची. बाटलीत थोडा पारा उरला हुता, तो ताटलीत वतून खेळायला दिला. त्याचे बारीक मनी पळायचे, ती हसायची. हसली की घास घ्यायची.

निकिता : किती दिवस दिला?

रंगुबाई : दोन म्हैने. रोज.

निकिता : आरतीवहिनीला फोन लावावा लागेल.

रंगुबाई : लाव. मीच दिला म्हनून सांग, लपवू नको. फकस्त नंदिनीला सांगू नको. माझ्यावाचून तिला झोप येत न्हाई.