घरातली सगळ्यात बेस खोली

कल्पिता : आणि ह्या खिडकीतून काय दिसणार?

देवेश : सह्याद्री.

कल्पिता : माजिवड्यात, जमिनीखाली सहा फुटांवर, सह्याद्री!

देवेश : फोटो आहे गं. मागून एलईडी पॅनल. बटण दाबलं की पहाट.

कल्पिता : आणि फ्यूज उडाला की खग्रास ग्रहण.

देवेश : तू बघ तर. रिमोटवर तीन उजेड आहेत. वॉर्म, नॅचरल, कूल.

कल्पिता : बघितले. कूल लावला की मेडिकलच्या दुकानात झोपल्यासारखं वाटतं, वॉर्म लावला की हळदीच्या डब्यात. नॅचरल म्हणजे काय ते कंपनीलाच माहीत.

देवेश : आणि आरसा? समोर आरसा असला की उजेड डबल होतो.

कल्पिता : शून्याचं डबल किती रे देवेश?

देवेश : सहा दिवस राबतोय मी इथे. भिंती पिवळ्या केल्या, वेल सोडली...

कल्पिता : प्लास्टिकची. खरा मनीप्लँट तीन आठवड्यांत गेला. जिथे मनीप्लँट मेला तिथे तू दीड महिन्याची पोर वाढवतोयस. डॉक्टरांनी सांगितलंय, दिशाला सकाळचं कोवळं ऊन द्या. कुठून देऊ? त्या वरच्या झडपेतून? तिथून गाड्यांची चाकं दिसतात फक्त.

देवेश : गच्चीवर ने ना.

कल्पिता : पोटाला टाके घेऊन? चार मजले? वाटेत तिसऱ्या मजल्यावर भाडेकरूंचा कुत्रा भेटेल. त्याला गॅलरी आहे. सकाळपासून उन्हात पाय पसरून पडलेला असतो. आणि मालकाची नात तळघरात, रिमोटवर.

देवेश : हळू बोल.

कल्पिता : का? इथून वर आवाज जातो? उजेड येत नाही, आवाज मात्र जातो! ऐक, रविवारी माझी आई येतेय डोंबिवलीहून. मी दिशाला घेऊन जातेय. तिथे खोली एवढुशी आहे, पण खिडकी पूर्वेला आहे. तुझ्या घरात अशी एखादी निघाली, तर फोन कर.

देवेश : अगं, आईला काय सांगू मी?

कल्पिता : हेच सांग. थोरल्याला दुसरा मजला, भाडेकरूंना तिसरा, आणि धाकटी सून जमिनीत.

(जिन्यावर देवेशची आई, आवडाबाई, येऊन उभ्या आहेत.)

आवडाबाई : जमिनीत कोन पुरलंय तुला? आनि ह्यो उजेड कसला? डोले दिपले माझे. लगीन हाय का कुनाचं?

देवेश : आई, दिशासाठी लावलेलं सगळं.

आवडाबाई : चांगली थंडगार खोली होती. भट्टी केली.

कल्पिता : चांगली असती तर थोरल्या हर्षितदादांना दिली असती ना, आई?

आवडाबाई : मागितली होती त्यानं. हापिस करायला. नाय दिली. घरातली सगल्यात बेस खोली काय हापिसाला द्यायची?

कल्पिता : ही? सगळ्यात बेस?

आवडाबाई : तुमाला ऊन म्हंजे गंमत. आंगाला मलम चोपडून बघायला जाता गोव्याला. मिठागरावर एक दिस उभी रहा, मग सांग. वर सूर्य, खाली पांढरं मीठ. ऊन वरून पन भाजायचं, खालून पन. आय मीठ ओढायची आनि आमच्या जगनला मिठाच्या ढिगाच्या सावलीत निजवायची. मी सात वर्सांची. मना काम एकच. सावली सरकली का पोर सरकवायचं.

कल्पिता : दिवसभर?

आवडाबाई : दिवसभर. एक दिस मी चिंबोऱ्या धरायला गेले.

देवेश : म्हणजे जगनमामाच्या पाठीवर जे आहे ते...

आवडाबाई : तुमाला सांगितलंय, उकलतं दूध सांडलं. दूध नाय सांडलं.

देवेश : कधी बोलली नाहीस.

आवडाबाई : काय बोलायचं? हे घर बांधलं तवा मिस्त्री हसला मना. बाई, तलघर कशाला, पानी भरल. बोलले, भरू दे, उपसू. पन घरात एक जागा अशी पायजे, जितं पोर सरकवाया लागनार नाय. ती तुमाला दिली.

कल्पिता : मला वाटलं, तुम्ही आम्हाला खाली टाकलंत.

आवडाबाई : टाकायचं असतं तर वर टाकलं असतं, गच्चीवर पत्र्याखाली. शिकलेल्या तुमी, इचारायचं तरी.

कल्पिता : चुकलं माझं. पण आई, हिला ऊन लागतंच. थोडंसंच. हाडं मजबूत व्हायला.

आवडाबाई : आयकलं मी. डागदर बोलला ना?

कल्पिता : हो.

आवडाबाई : मग पयला मजला घ्या. माझी खोली. सकालचं थेट पलंगावर येतं, मी पडदा ओढून बसते. मी येते खाली.

देवेश : आणि हे दिवे, हे सगळं?

आवडाबाई : उतरव. डोकं उठलं माझं.

कल्पिता : पण तुमचे गुडघे? हा जिना रोज चढायचा-उतरायचा म्हणजे...

आवडाबाई : रोज कशाला? एकदा उतरायचं. चढायचं कोनाला हाय?

कल्पिता : असं नका ना बोलू. मी आणेन हिला खाली. रोज आणेन.

आवडाबाई : दुपारची आन. तवा वर ऊन लय असतं.