मुकुंदरावांच्या भिंतीपलीकडे रॉक

...आणि पोस्टर चिकटवलं कुठं म्हणाल, तर मुकुंदरावांच्याच भिंतीवर! अहो, जुन्या हुबळीत भिंतींना काय तोटा आहे? पण नाही! सकाळी मुकुंदराव दुधाला म्हणून दार उघडून बाहेर येतात, तर समोर हा एवढा थोरला हाडांचा सांगाडा, दात विचकून गिटार वाजवतोय! आणि खाली लाल अक्षरांत, एकदा कानडीत, एकदा इंग्रजीत, म्हणजे कुणाची सुटका म्हणून नाही... 'येत आहे! दर शनिवारी संध्याकाळी! रॉक! स्थळ : गुडुगु!' गुडुगु म्हणजे, तुम्हाला सांगतो, ढगांचा गडगडाट. आता गाण्याच्या जागेला जो माणूस असलं नाव ठेवतो, तो तिथं काय अंगाई म्हणणार आहे का? आणि हे गुडुगु आहे कुठं? मुकुंदरावांच्या भिंतीला भिंत! कापसाची जुनी वखार होती ती, वर्षानुवर्षं बंद, आत उंदीर आणि कबुतरं, त्यांची कधी कुणाला तक्रार नाही. मुकुंदरावांनी नखानं ते पोस्टर खरवडून काढायला घेतलं, तर सांगाड्याचा एक पाय तेवढा हातात आला, बाकीचा तसाच, लंगडा, हसतोय! आता मला सांगा, ह्यात मुकुंदरावांचं काय चुकलं?

चिडणार नाही तर काय करेल माणूस? उभा जन्म भांड्यांच्या दुकानात गेला हो! भांड्यांचं दुकान म्हणजे काय असतं ठाऊक आहे? गिऱ्हाईक आलं की हंडा उचलतं, वाजवून बघतं, टण्ण! पातेलं वाजवतं, ठण्ण! सगळं दुकान वाजवून झालं की एक चमचा घेतं आणि जातं. मुकुंदराव रोज मनात म्हणायचे, एकदा दुकान पोराच्या हवाली केलं की मी गप्प बसणार, घर गप्प, मी गप्प, वरती पंखा तेवढा कुरकुरेल. आणि दिलं हो दुकान पोराच्या हवाली! घरी येऊन बसले! आणि तेव्हाच नेमके अंबूताईंचे कान गेले.

अंबूताई म्हणजे त्यांच्या मंडळी. आधी थोडं, मग बरंच, मग जवळजवळ सगळंच. कानाचं मशीन आणलं, चांगलं महागातलं, चार दिवस लावलं आणि कपाटात ठेवून दिलं. म्हणाल्या, "ह्यात कुकर बोलतो, माणसं बोलत नाहीत." झालं! मग ज्या माणसाला गप्प बसायचं होतं, त्याच्यावर दिवसभर ओरडायची पाळी आली. म्हणजे जेवताना...

"अगं, मीठ कमी आहे!"

"आं?"

"मीठ! मीऽऽऽठ!"

आणि अंबूताई उठेपर्यंत समोरच्या विठ्ठलरावांच्या खिडकीतून त्यांची सून मिठाची वाटी पुढं करायची, "काका, आमचं घ्या!" अहो, मुकुंदरावांचं पोट सकाळी साफ झालं की नाही, हे सगळ्या गल्लीला माहीत! मी तर भिंतीला लागून राहणारा, मला सांगायलाच नको, पण गल्लीच्या तोंडाशी बसणारा भाजीवालासुद्धा म्हणायचा, "अण्णा, आज पपई न्या." काय राहिलं माणसाचं?

पण खरी गोष्ट पुढंच आहे. मीठ ओरडता येतं. ताक ओरडता येतं. गॅस बंद कर, हेही ओरडता येतं. पण संध्याकाळी दोघं पायरीवर बसलेत, वारा सुटलाय, आणि मनात आलं की आज ही बरी दिसतेय... हे कसं ओरडणार? ओरडा बघू! समोरून विठ्ठलराव विचारतील, कुठल्या साडीत म्हणालात? मग मुकुंदराव काय करायचे, काही नाही, गप्प बसायचे. त्यांना हवी होती ती शांतता अशी मिळाली. मिठाच्या अलीकडचं आणि ताकाच्या पलीकडचं सगळं बोलणंच बंद झालं त्या घरात.

आणि अंबूताई कोण? धारवाडच्या! सुभाष रोडच्या मागच्या गल्लीत माहेर, वडील गाण्याचे वेडे, पोरीला परकर-पोलक्यात असल्यापासून बैठकींना घेऊन जायचे. लग्नानंतर दुकान, पोरं, सासूबाई... गाणं मागं पडलं, ते म्हटलं पुढं कधीतरी. तर पुढं हे असं. मग त्यांनी कुठं जाणंच सोडलं. लग्नकार्यात गेल्या तर कोपऱ्यात बसायच्या, सगळे हसले की त्या हसायच्या. थोड्या उशिरा. तो उशीर मुकुंदरावांना दिसायचा हो, आणि बघवायचा नाही.

असो. तर मुकुंदराव सांगाड्याचा पाय मुठीत धरून तरातरा वखारीत गेले. तिथं श्रीवत्स. वखारवाल्यांचा नातू, बंगळुरातली नोकरी सोडून आलेला, दाढी राखलेला, पण बोलायला असा गोड, की भांडायला गेलेल्या माणसाची पंचाईत! "बर्री काका, कुंदर्री!" म्हणाला. या, बसा! खुर्ची पुसून दिली. चहा मागवला. आता चहा पीत पीत भांडता येतं का? मुकुंदरावांनी पुड्यातलं बिस्किट संपवलं आणि मग आवाज चढवला...

"अरे, हे चालणार नाही! गल्ली आहे ही, घरंदाज माणसं राहतात! मला एकट्याला म्हणशील तर मी सोसेन, पण माझ्या बायकोला आवाज अजिबात सोसवत नाही!"

ऐकताय ना? अंबूताईंना! आवाज! सोसवत नाही! बरं, हा श्रीवत्स भिंतीपलीकडं बसून रोज दोन वेळा 'मीऽऽऽठ' ऐकतोय! पण भला मुलगा, हसला नाही. म्हणाला, "काका, मग असं करा की. ह्या शनिवारी काकूंनाच घेऊन या. माझं होतं नव्हतं ते ह्यात घातलंय, पण काकू म्हणाल्या त्रास होतो, तर पुढचे सगळे कार्यक्रम बंद. शब्द माझा."

आता बोला! सापडले ना मुकुंदराव! नाही म्हणावं तर खोटे पडतात, हो म्हणावं तर बायकोला पढवणं आलं. आणि ते पढवायचं कसं? ओरडून! मी अंगणात दाढी करत होतो, तुम्हाला सांगतो, दोनदा कापलं मला!

"अगं, शनिवारी तिथं जायचं आणि सांगायचं, त्रास होतो!"

"तास होतो? मग होऊ द्या की. मला कुठं जायचंय?"

"तास नव्हे! त्रास! त्राऽऽस!"

"घास? जेवण आहे का तिथं?"

पलीकडून श्रीवत्सच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला नव्हता तो. पण मला सांगा, ह्यात तरी मुकुंदरावांचं काय चुकलं?

शनिवार उजाडला. दिवेलागणीच्या आधीच आमची सगळी गल्ली निघाली, पुढं मुकुंदराव कानांत कापसाचे बोळे कोंबून, त्यांच्या मागं अंबूताई, निळी इरकल नेसून, हातात पिशवी, कारण जेवण आहे की नाही ह्याचा उलगडा शेवटपर्यंत झालेला नव्हता, आणि मागं विठ्ठलराव वगैरे आम्ही सगळे, चेहरे मयताला निघाल्यासारखे. आत काळे कपडे घातलेली पोरंपोरी खच्चून भरलेली. त्यांना वाटलं, आमच्या घरून बोलवायला आले! दोनतीन जण मागच्या दारानं गेलेसुद्धा. श्रीवत्सनं अंबूताईंना धरून पहिल्या रांगेत नेलं, लोखंडी खुर्चीवर बसवलं. समोर स्पीकर, कपाटाएवढा! आणि बँडचं नाव काय? 'जळका पेढा'! चौघंही धारवाडची. ड्रमवर मुलगी, दीपश्री तिचं नाव, तेलकट वेणी, चष्मा, अशी की वाटावं ही आता उठून तोंडी परीक्षा देणार. तिनं अंबूताईंना हात जोडून नमस्कार केला, काठ्या उचलल्या आणि...

धडाम्!

अहो, माझ्या छातीत काहीतरी जागचं हललं! विठ्ठलराव खुर्चीसकट मागं सरकले! वरची कबुतरं जी उडाली ती बहुतेक कलघटगीलाच जाऊन बसली! मुकुंदराव डोळे मिटून कान दाबून बसलेले. आणि अंबूताई? तो ठोका विरतोय न विरतोय तोच अंबूताई पटकन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, दार वाजतंय!"

दार! कळतंय का तुम्हाला? किती वर्षांत त्या माउलीनं दार वाजलेलं ऐकलं नव्हतं. कुणी आलं की मुकुंदरावांनी उठायचं, हा घरचा रिवाज. मुकुंदरावांनी एक बोळा काढला आणि ओरडले, "दार नाही गं. ड्रम. त्या पोरीचा ड्रम."

अंबूताई खाली बसल्या. हात खुर्चीच्या लोखंडी दांडीवर ठेवला, ती दांडी थरथरत होती, आणि मग तो हात तसाच उचलून छातीवर ठेवला. मला वाटलं, संपलं, आता त्रास होतो म्हणणार, श्रीवत्सची वखार पुन्हा कबुतरांना मिळणार. श्रीवत्स खांबाला टेकून उभा, चेहरा पांढराफटक. आणि इतक्यात मी बघतो तर अंबूताईंचा दुसरा हात मांडीवर, बोटं एकेक करून अंगठ्याला लागतायत, मग टाळी, मग खाली बोटं, मग हात उलटा... अहो, मात्रा मोजत होत्या त्या! धारवाडच्या बैठकीत बसल्यासारख्या! आणि फिरून जिथं सम यायची तिथं त्यांचा हात असा वर गेला, आणि बरोब्बर तिथंच तिकडं धडाम्! दीपश्रीनं ते पाहिलं. तिनं चष्मा वर सरकवला, अंबूताईंकडं बघत पुन्हा एक फेरी घेतली, जरा वाकडी, जरा फसवी, शेवटाला मुद्दाम थांबली... आणि अंबूताईंचा हात जागेवर! पोरगी काठ्या फिरवत अशी हसली, की बास.

"अहो," त्या गोंगाटाच्या वर आवाज काढून अंबूताई म्हणाल्या, "मला ऐकू येतंय."

आणि गंमत बघा, आजूबाजूला काय चाललं होतं! सगळी पोरंपोरी एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडतायत. "आं?" "काय म्हणालास?" "आं?" सगळा हॉल बहिरा! अंबूताईंनी मान वळवून हे सगळं पाहिलं आणि खुदकन हसल्या. पोरांच्या बरोबरीनं हसल्या. अजिबात उशीर नाही.

ते मुकुंदरावांनी पाहिलं. त्यांनी दुसरा बोळाही काढला, खिशात ठेवला आणि वाकून अंबूताईंच्या कानाशी तोंड नेलं. बोलत होते काहीतरी. बराच वेळ. आणि मी त्यांच्या बरोब्बर मागं बसलोय, ज्याला त्या घरातलं मीठ, ताक, पोट सगळं ऐकू येतं, त्या मला त्या दिवशी एक अक्षर ऐकू आलं नाही! सगळ्या हुबळीत तीच एक जागा, जिथं मुकुंदरावांनी ओरडून काहीही सांगावं आणि फक्त त्यांच्याच बायकोनं ऐकावं. पण नशीब बघा माणसाचं! गाणं हे असं चाललेलं, आणि एकदम थांबलं. खाड्कन! आणि त्या शांततेत मुकुंदराव, पूर्ण आवाजात...

"...ह्या निळ्या साडीत!"

सगळा हॉल वळला! पोरांनी शिट्ट्या काय मारल्या, टाळ्या काय वाजवल्या! विठ्ठलराव मला विचारतात, "साडीत काय? साडीत काय?" अंबूताई लालबुंद. "काहीतरीच तुमचं!" म्हणाल्या, तेही सगळ्यांना ऐकू गेलं. श्रीवत्स बिचारा माइकजवळ आला, भीत भीत विचारलं, "काकू... त्रास होतोय का?"

"तास?" अंबूताई म्हणाल्या. "अजून एक तास चालू दे की!"

झालं! संपला आमचा मोर्चा! गल्ली मान खाली घालून घरी आली. आणि तेव्हापासून, तुम्हाला सांगतो, एक शनिवार चुकलेला नाही. विठ्ठलराव माझ्याकडं येऊन कुरकुरतात, "मुकुंदरावांनी दगा दिला." मी म्हणतो, अहो, बायको किती वर्षांनी काही ऐकतेय, नवऱ्याला किती वर्षांनी काही बोलता येतंय, मला सांगा, ह्यात मुकुंदरावांचं काय चुकलं? हां, डोकं दुखतं त्यांचं. ते रॉक अजून अक्षरभर आवडलेलं नाही त्यांना. पण आठवडाभरात जे जे मनात येतं ते साठवून ठेवतात आणि शनिवारी वाकून सांगतात. अंबूताई गालात हसत मात्रा मोजतात. कधी मुकुंदराव जास्तच बोलायला लागले, तर "थांबा, सम येऊ द्या" म्हणतात.

आता परवाचंच घ्या. अंबूताईंच्या भाचीचं लग्न, कलघटगीला, शनिवारी. आता लग्नाचं जेवण म्हणजे मुकुंदरावांचा जीव की प्राण! सकाळपासून पोट रिकामं ठेवलेलं. मुहूर्त लांबला, अक्षता पडल्या, पंगतीची पानं मांडली, होळीगेचा, म्हणजे पुरणपोळीचा हो, वास सुटला, मुकुंदराव बाह्या सारून पाटावर बसणार, एवढ्यात अंबूताईंनी मागून सदरा ओढला. "उठा. बस चुकेल. आज कोण वाजवणार आहे, विसरलात?" भाचीचे वडील आडवे आले, "भाऊजी, चार घास तरी खाऊन जा!" ऐकतंय कोण? कान नाहीत ना अंबूताईंना! सोयीचे तेवढे कान!

तर मुकुंदराव उपाशीपोटी बसमध्ये, अंबूताई खिडकीशी, वेणीत लग्नातला गजरा, बोटं आत्तापासूनच मांडीवर. मुकुंदरावांनीच सांगितलं मला हे. कंडक्टर आला तिकीट द्यायला, ओळखीचा निघाला. "काय अण्णा, लग्नघरातून इतक्या लवकर? जेवण झालं?"

"नाही बाबा," मुकुंदराव म्हणाले. "हुबळीला कुंदा आहे."

"कुंद्यासाठी पंगत सोडली? अण्णा, कुंदा खावा तर बेळगावचा!"

"बेळगावचाच आहे," मुकुंदराव म्हणाले, आणि पोटावर हात ठेवून खिडकीबाहेर बघायला लागले. "पण खायचा नाही. बँड आहे तो. ऐकायचा आहे."