तितर-नारिंगी

ब्रायनी : …पहिलीला नऊ, दुसरीला नऊ, तिसरीला आठ. दोनदा मोजलेत, आजोबा, भिंगाखाली. गळ चौदा नंबरचा, त्यावर नारिंगी रेशमाचे वेढे सतरा, आणि मानेशी तितराच्या पिसाचे तंतू नऊ, नऊ, आठ.

नॉर्मन : झाली मोजदाद? मग डबी मीट. तुझ्या आजीनं मासे धरायला गळावर बांधलेल्या नकली माश्यांतल्या, ‘तितर-नारिंगी’तल्या, तेवढ्या तीनच उरल्यात. वाऱ्यानं उडाल्या तर शेकोटीत जातील.

ब्रायनी : वारा कुठला? खिडक्या मार्चपासून बंद आहेत या घराच्या. आणि हे काय? मासेमारीच्या क्लबला पत्र? ‘माझं नाव सभासदांच्या यादीतून कमी…’ आजोबा!

नॉर्मन : दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत, हे तुमच्या विद्यापीठात शिकवत नाहीत वाटतं.

ब्रायनी : उघडंच पडलंय टेबलावर. चाळीस वर्षं स्वेल नदीवर ट्राउट मासे धरलेत तुम्ही, आणि आता…

नॉर्मन : बेचाळीस. मोजायचंच तर नीट मोज.

ब्रायनी : आणि आजी गेल्यापासून एकदाही नाही. आज तीस सप्टेंबर. उद्यापासून मार्चपर्यंत ट्राउट धरायला बंदी. आज गेला नाहीत, तर तुम्ही पुन्हा कधीच जाणार नाही. मी ओळखत नाही का तुम्हाला?

नॉर्मन : जाऊन करू काय? टोपीनं धरू मासे? त्या तिघींतली एक झाडाच्या फांदीत अडकली की उरल्या दोन. सगळा जन्म मी तुझ्या आजीनं, डोरीननं बांधलेल्याच माश्या पाण्यात टाकल्या. माझे हात बघतेस ना? चहा कपात कमी आणि बशीत जास्त असतो.

ब्रायनी : म्हणून तर मी बांधून आणलीय. ही घ्या. हुबेहूब. सतरा वेढे, नऊ तंतू.

नॉर्मन : नुसती बघून काय कळणार? तो पाण्याचा पेला आण. सोड तिला त्यात. …हं. रेशीम भिजल्यावर तपकिरी झालं, खऱ्या किड्यासारखं. मेण लावलंयस?

ब्रायनी : जोडे शिवताना वापरतात ते काळं.

नॉर्मन : शाब्बास. पण पीस… अगं… अरे देवा!

ब्रायनी : हसताय काय?

नॉर्मन : पोरी, तू चावलेल्या माशीचं माप काढलंस की! या तिघी वापरलेल्या आहेत. डोरीन बारा तंतू ठेवायची. बाकीचे ट्राउटच्या दातांत गेले. जिनं मासा दिला, तिला ती डबीच्या या वरच्या ओळीत ठेवायची. पेन्शनीत काढल्यासारखी.

ब्रायनी : म्हणजे माझा नमुनाच झिजलेला. मोजायच्या आधी विचारायला हवं होतं मी.

नॉर्मन : विचारणार कुणाला? मी फोन कुठे उचलत होतो?

ब्रायनी : …बांधायचं सामान पिशवीत आहे. आत्ता बांधते. तुम्ही फक्त सांगा.

नॉर्मन : आत्ता? बरं. पिसाची एक बाजू सोलून टाक. संपूर्ण. घाबरू नकोस, तितर तक्रार करायला येत नाही. आता गळाभोवती फिरव. एक… दोन… थांब!

ब्रायनी : तिसरा वेढा नको?

नॉर्मन : एकदा मी घेतला होता. तुझी आजी म्हणाली, ‘नॉर्मन, माशी बांधतोयस की मेंढी?’

ब्रायनी : हे आजीच म्हणू जाणे! दुकानातल्या माश्या तर चांगल्या भरगच्च असतात.

नॉर्मन : बाटल्या घासायला बऱ्या. पाण्याखालून वर येणारा किडा नुसते पाय हलवतो, तेवढंच दिसायला हवं. त्याहून जास्त केलंस की माशाला कळतं, कुणीतरी खटाटोप केलाय.

ब्रायनी : मोजते. …नऊ, दहा, अकरा, बारा.

नॉर्मन : माझे बूट कुठे आहेत?

(दोन तासांनी. स्वेल नदी, दगडी पुलाच्या खालच्या अंगाला, गुडघाभर पाण्यात.)

ब्रायनी : माझा दंड सोडू नका हं.

नॉर्मन : मी धरलाय की तू मला? लोक म्हणतील, म्हातारा नातीला गळ लावून उभा आहे.

ब्रायनी : आजोबा, हात थरथरतोय तुमचा. गळाच्या काठीचं टोकही हलतंय.

नॉर्मन : थरथरू दे. खाली पाण्यात माशीचे पाय हलायलाच हवेत.

ब्रायनी : दोरी वाहता वाहता थांबली! मासा लागला!

नॉर्मन : दिसली मला. …ये राजा, ये. सावकाश. अगं, जाळी! खाली धर, आणखी खाली!

ब्रायनी : आला! काय ठिपके आहेत! थांबा, पट्टी काढते, लांबी मोजू…

नॉर्मन : पाण्याबाहेर काढू नकोस त्याला. गळ सुटला बघ. जा रे राजा. गेला.

ब्रायनी : माप राहिलं की!

नॉर्मन : मग माशीचं घे. भिंग खिशात असेलच तुझ्या.

ब्रायनी : भिंग आहे, वही गाडीत राहिली. कागद आहे का एखादा?

नॉर्मन : हा घे. मागची बाजू कोरी आहे.

ब्रायनी : आजोबा, हे तर क्लबचं पत्र.

नॉर्मन : भिजायच्या आत लिही.

ब्रायनी : बांधताना बारा. आता… सहा, सात, आठ… नऊ.