खांद्यावरची बोटं

ताई — अरे, पण हा शंकर असा अवघडून का बसलाय?

भाऊ — अवघडून नाही. उजवा खांदा राहिलाय त्याचा.

ताई — मला शिकवू नकोस. बाबांच्या छिन्नीच्या आवाजावर झोपणारी मी. पार्वती डाव्या मांडीवर बसली, डाव्या हातात आरसा धरला. उजवा हात गेला त्याच्या पाठीमागे. पुढे बोटं कुठायत?

भाऊ — यायची आहेत.

ताई — आपल्या भागातल्या झाडून सगळ्या देवळांत ती त्याच्या खांद्यावर येतात. हिचीच वाटेत अडली?

भाऊ — ताई, तू चहा घे.

ताई — चहा राहू दे. परवा गाडी येणार मूर्ती न्यायला. तू फोन उचलत नाहीस म्हणून देवळाच्या अध्यक्षांनी मला केला. म्हणाले, भावाला झेपत नसेल तर उरलेलं काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतो.

भाऊ — घेऊ देत.

ताई — घेऊ देत म्हणे! आपल्या दगडाला दुसऱ्याची छिन्नी लागली तर दोन दिवस घुश्शात असायचास. आणि आता चार बोटांसाठी हात टेकलेस? तो तर तुझ्या हातचा मळ.

भाऊ — बोटं काढता येतात गं. ती टेकलेली दिसायला हवीत. बोटांखाली खांदा जरासा दबतो. किती दबतो, तेच कळेनासं झालंय.

ताई — आणि इतकी वर्षं कसं कळत होतं?

भाऊ — ही बसायची ना.

ताई — तुझी बायको? कुठे?

भाऊ — इथेच, माझ्या डाव्या अंगाला. मागून हात टाकून. मी समोर आरसा ठेवायचो. आत भाजी करपतेय म्हणून कटकट करायची, पण हात हलवायची नाही.

ताई — मला कधी बोलली नाही.

भाऊ — लाजायची. देवीच्या जागी बसते, पाप लागेल म्हणायची. चेहरे बाबांनी शिकवले तसेच काढले मी. बोटं तेवढी हिची.

ताई — मग जुनी मूर्ती बघून काढ की.

भाऊ — गेलो होतो एका देवळात. बाहेरच्या भिंतीवर आहे, आमच्या लग्नानंतरची पहिली. दुपारभर बसलो समोर. काम काही झालं नाही, रडून परत आलो.

ताई — म्हणून सांगत होते, माझ्याकडे चल चार दिवस.

भाऊ — ही गेल्यापासून माझ्या खांद्याला कुणाचा हात लागला नाही, ताई. भेटायला आले ते हात जोडून आले आणि हात जोडून गेले. जिवंतपणी देव करून ठेवलंय मला.

ताई — आणि लेक?

भाऊ — रोज फोन करते. जेवलात का विचारते, मी हो म्हणतो.

ताई — आज जेवलास?

भाऊ — नाही.

ताई — आरसा कुठाय तो?

भाऊ — कशाला?

ताई — सरक तिकडे. गुडघे धरलेत माझे, नीट बसू दे.

भाऊ — अगं, तू बहीण. ही पार्वती आहे.

ताई — दगडाला काय कळतंय? शाळेत जाताना भोकाड पसरायचास, तेव्हा याच खांद्याला धरून न्यायचे मी. हं, असा?

(आरसा भिंतीला टेकवल्याचा आवाज.)

ताई — हा बघ, टेकला हात.

भाऊ — जरा जड ठेव. तिचा हात जड पडायचा.

ताई — आता?

भाऊ — हं. हलू नकोस, गेरूने आखून घेतो. मग छिन्नी लावायला उद्याचा दिवस आहे.

ताई — आख. माझी बस आहे पण संध्याकाळची, लक्षात ठेव.

भाऊ — हो.

ताई — आखली की रे चारही. इथून दिसतायत मला. काढू हात?

भाऊ — करंगळी राहिलीय अजून.

ताई — बरं. सावकाश कर. बस काय, उद्याही असते.