शर्यतीची सायकल, लशीचा डबा

सटवा : धोंडीराम, आता हट्ट सोड. रॉकेल पाजलं, हातोडी मारली, पाईपपाना लावला. पानाच घसरायला, पण सीटची दांडी जागची हलंना. आरी आनतो आन कापून काढतो.

धोंडीराम : माझ्या सायकलीला आरी लावलीस तर तुझ्या दुकानाची पायरी चढनार न्हाई बग मी.

सटवा : नको चढू. माझं बाकडं तरी रिकामं हुईल.

वनमाला : सटवातात्या, आरी नको. मामा, तुमी पण दमानं घ्या. सीट वीतभर खाली आली की झालं. तुमच्या उंचीवर बसले तर माझे पाय लोंबकळतेत, पायडल सापडत न्हाई.

धोंडीराम : मंग बसू नको. सूनबाई, ही शर्यतीची सायकल हाय. धारूरचा घाट चढलतो मी हिच्यावर. पैला नंबर.

वनमाला : आन तवापासनं गोठ्यात खुंटीला टांगलीय. घाट ऱ्हाऊ द्या, अंगणसुदिक बघितलं न्हाई तिनं.

धोंडीराम : तू हँडल बदललंस, मी काय बोललो का?

वनमाला : बोललात की. दोन दिस दुसरं काय बोललाच न्हाईत.

धोंडीराम : मेंढ्याच्या शिंगावानी झ्याक हँडल होतं. त्याच्या जागी ही सरळ काठी. मंग जाड टायर. मागं कॅरिअर, त्याच्यावर शेरडांच्या लशीचा डबा बांधायला दोऱ्या. शर्यतीच्या सायकलीची पार दूधवाल्याची सायकल करून टाकली.

सटवा : दूधवाल्याची रोज रस्त्यावर तरी असती बे.

धोंडीराम : तू गप. सूनबाई, म्हाळूच्या वस्तीवर जायचं तर आपल्या सुरजला सांग ना. मोटरसायकलवर सोडंल.

वनमाला : ते पहाटंच सिरसाळ्याला जिनिंगवर जातेत. आन मोटरसायकल ओढ्यापसतोरच जाती. पुढं निस्ता खडक. ती काय डोक्यावर घेऊ? ही खांद्याला मारली की ओढा पार. लई हलकी हाय.

धोंडीराम : हलकी हायच. परळीच्या थर्मलचा एक साहेब बदली होऊन चाललता, त्यानं फुकापासरी दिलती. मनला, धोंडीराम, अशी सायकल जिल्ह्यात दुसरी न्हाई.

सटवा : आता फुशारकी नको. ती काय म्हणती ते ऐक.

वनमाला : मामा, मागच्या बारीला मी पायी गेलते. वस्ती येईपसतोर डब्यातल्या बर्फाचं पाणी झालतं. लस तापली की टोचून उपेग न्हाई, पशुसखीच्या ट्रेनिंगला पयलं तेच शिकवलं आमाला. सगळी ओतून दिली. तिथली कडूबाई शेरडं धरून उभी होती. म्हणले, पुढच्या आठवड्यात येते. आठवडा व्हायच्या आत तिच्या शेरडांचं निम्मं खांड रोगानं गेलं.

सटवा : अरारा.

वनमाला : तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिनं निस्ती रिकामी दावी माझ्यासमोर ठेवली. आता जेवढी राहिलीत तेवढ्यांना उद्या टोचायचंय. उद्या बी पाणी घेऊन गेले, तर त्या बाईसमोर कोणत्या तोंडानं उभी राहू?

धोंडीराम : सटवा, पर ही दांडी अशी डसली कशी? जिवापाड जपलंय मी हिला. एक दसरा चुकवला न्हाई. खंडेनवमीला धुवायची, पुसायची, हळदकुकू, झेंडूची माळ, आन सीट काढून दांडीच्या तोंडावर नारळ.

सटवा : दांडीवर? तिथं कावून? हँडलवर फोडायचा.

धोंडीराम : हँडलला कापडाची पट्टी होती. भिजली असती ना.

सटवा : पट्टी कोरडी ठेवलीस, आन नारळाचं पाणी दरसाल पोकळ दांडीतनं फ्रेमच्या नळीत घातलंस! खालून बाहेर निघायला वाट न्हाई. आत मुरलं, दांडी गंजली आन नळीला धरून बसली. हे तूच केलंस बे.

धोंडीराम : पूजेनं सायकल गंजती का?

सटवा : पूजेनं न्हाई. पाण्यानं.

वनमाला : असू द्या तात्या. मायेनं केलं त्यांनी.

धोंडीराम : न्हाई, खरं बोलला त्यो. लई वाईट वाटलं मला. जिला हात लावू दिला न्हाई कुणाला, तिला म्याच आतून खाल्लं.

सटवा : झालं ते झालं. आता बोल, आरी आनू का?

धोंडीराम : आरी न्हाई. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवतेत, ती कशी?

सटवा : तापवून. तापली की फुगती, मंग बसती चाकावर.

धोंडीराम : मंग ही नळी तापव. नळी फुगंल, दांडी सुटंल.

सटवा : ते मला कळत न्हाई व्हय? गॅस हाय माझ्याकडं. पर मी बोललो न्हाई. जिथं जाळ लावायचा तिथंच पेंटरनं तुझं नाव काढलंय. ‘धोंडीराम, धारूर घाट, पैला नंबर.’ रंग जळनार. अक्षर राहनार न्हाई.

वनमाला : मंग नको. मामा, खरंच नको. मी सीटवर बसतच न्हाई. उभ्यानं चालवीन.

धोंडीराम : उभ्यानं? डबा घेऊन? समदा डोंगर?

वनमाला : चालवीन की.

धोंडीराम : येडी का खुळी तू? पयल्याच चढाला मांड्या भरून येतील. सटवा, लाव जाळ.

सटवा : परत इचार कर. मंग माझ्या नावानं बोंबलशील.

धोंडीराम : घाट मी चढलोय. नाव जळालं म्हणून खाली उतरत न्हाई. लाव.

सटवा : वनमाला, ते टायर दूर सरकव. ओलं फडकं गुंडाळ खालून. धोंडीराम, तू तिकडं तोंड कर.

धोंडीराम : कावून? बगू दे. माझंच हाय.

वनमाला : मामा, धूर डोळ्यात जाईल.

धोंडीराम : धुरानंच पाणी आलंय. तू पाना धर.

सटवा : हां, आता पिरगाळ! जोर लाव! आडवा ताण, वर उचलू नको!

वनमाला : हलली! मामा, हलली!

धोंडीराम : सोडू नको. सरक, मी बी धरतो. एक, दोन… हाण!

सटवा : आली! आली बे भाईर! बग, निस्ता गंजाचा चुरा. थंड होऊ द्या, मंग आतून घासून ग्रीस भरतो.

धोंडीराम : भरपूर भर. कंजूषपणा करू नको. आन सूनबाई, सीट बसवली की टाच पायडलवर ठेवायची. पाय सरळ झाला म्हंजी उंची बरोबर. ज्याच्या त्याच्या पायाचं माप असतं.

वनमाला : मामा, उद्या मी पंजाबी ड्रेस घालून जाणार हाय. साडी चैनीत गुतती. गावातनं जावं लागंल.

धोंडीराम : मग? गावानं कधी माणूस सायकलवर बघितलं न्हाई का? चढाला कुणाशी बोलू नको, दम जातो. मान खाली, नजर चाकाच्या पुढं. आन उतरताना निस्ता पुढचा ब्रेक दाबू नको, डोक्यावर पडशील.

सटवा : झाला मास्तर सुरू.

(दुसऱ्या दिवशी दुपार. धोंडीरामचा फोन वाजतो.)

धोंडीराम : हां, बोल! पोचलीस का?

वनमाला : कवाच पोचले. ओढ्यात खांद्याला मारली, पलीकडं गेले की परत बसले. टोचून बी झालं.

धोंडीराम : बर्फ?

वनमाला : हाय अजून. डबा हलवला की खडे वाजतेत. ऐका… आलं का ऐकू?

धोंडीराम : आलं, आलं! कडूबाई काय मनली?

वनमाला : एकेक शेरडी धरून देत गेली. शेवटची झाली तवा माझा हात धरला. लई वेळ सोडलाच न्हाई.

धोंडीराम : …बरं झालं. लई बरं झालं.

वनमाला : मामा, वरच्या वस्तीवरनं बी माणूस आलंय बोलवायला. लस शिल्लक हाय, बर्फ हाय. जाऊ का?

धोंडीराम : इचारती काय? जा. वर चढ हाय, दमानं घे.

वनमाला : मंग यायला उशीर हुईल. भाकरी टोपल्यात हायेत, कालवण चुलीवर झाकलंय. तुमी जेवून घ्या.

धोंडीराम : बघितलं मी.

वनमाला : मंग बसा की. तुमची येळ झाली.

धोंडीराम : न्हाई. तू ये. संगं बसू.